बाळाचे ठोके कोण ऐकणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई सव्वीस वर्षांच्या आहेत आणि हे त्यांचं पहिलंच बाळंतपण. चौतीस आठवडे पूर्ण झालेत, तारीख जुलैच्या मध्यावर आहे. सासर बेळगाव शहरात, माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे घाटाकडच्या एका गावात. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नाव घालायचं, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं. गेल्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाच्या मानेभोवती नाळेचा एक वेढा दिसला आणि सगळं फिरलं. सासूबाई म्हणतात, चांगला दिवस बघून सरळ सिझर करून घ्या. नवऱ्याचं म्हणणं, कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत पोटाला मशीन लावून ठेवतात अशा खासगी दवाखान्यातच जायचं. नणंदेनं ऑनलाइन मागवून दिलेल्या छोट्या डॉप्लर यंत्रावर ताई रोज रात्री ठोके ऐकतात, आणि एखाद्या रात्री सापडले नाहीत की झोप उडते. तिकडे आईचा जीव 'माहेरी ये' म्हणून तुटतोय. रक्तदाब 116/74, हिमोग्लोबिन 10.4, पाण्याचं प्रमाण म्हणजे एएफआय 11, बाळाची वाढ आठवड्यांप्रमाणे. त्या विचारतात: 'मशीन नसेल तिथं बाळाला त्रास होतोय हे कळणार कसं? आणि वेढा असताना नॉर्मलची वाट बघणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ नाही का?'

ताई, आधी वेढ्याचं बघू, कारण तुमची झोप त्यानंच उडवलीय.

'मानेभोवती वेढा' म्हटलं की डोळ्यांसमोर फास येतो. पण पोटातलं बाळ नाकातोंडानं श्वास घेत नाही. त्याचा प्राणवायू येतो वारेतून, नाळेच्या वाटेनं. म्हणजे मान आवळली जाईल का ही भीती जागेवर नाही. नाळ दाबली जाईल का, एवढाच विचार करायचा. नाळेतल्या तीन रक्तवाहिन्यांभोवती जेलीसारखा जाड थर असतो, त्यामुळे ती सहज चेपत नाही. लांबी साधारण 50 ते 60 सेंटिमीटर, त्यामुळे एक वेढा पडूनही ढील उरते. जन्माला येणाऱ्या बाळांपैकी साधारण चौथ्या हिश्शाच्या मानेभोवती नाळ असते, आणि त्यातली बहुतेक सुखरूप, नॉर्मल येतात. डोकं बाहेर आलं की नर्सबाई बोटानं चाचपतात, नाळ सैल असेल तर डोक्यावरून काढून टाकतात. घट्ट असली तर बाळाला वेढ्यासकट बाहेर घेऊन मग सोडवतात. आणखी एक, चौतीसाव्या आठवड्यात दिसलेला वेढा अडतीसाव्याला असेलच असं नाही. बाळ फिरतं, वेढा पडतो आणि सुटतोही. तुम्ही काही ओलांडलंत, काही विणलंत, हात वर करून कपडे वाळत घातलेत, यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही.

एका वेढ्यासाठी, बाकी सगळं ठीक असताना, सिझर करायचं कारण नाही. कळांच्या वेळी नाळ दाबली जात असेल तर ते ठोक्यांत दिसतं आणि तेव्हा निर्णय घेता येतो. सासूबाई काळजीपोटी बोलतात, त्यांना हे असंच समजावून सांगा. दिवस बघून केलेल्या सिझरलाही किंमत असते. 39 आठवड्यांच्या आत केलं तर बाळाला सुरुवातीला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते, आणि पुढच्या बाळंतपणात वार जुन्या टाक्यांवर चिकटण्याचा धोका मागं राहतो. पहिलटकरणीनं हा हिशेब आधीच करावा, कारण पहिल्या सिझरवर पुढची बाळंतपणं ठरतात.

आता मशीनचा प्रश्न. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: मशीन सतत लावलेलं म्हणजे बाळ सुरक्षित, मशीन नाही म्हणजे अंधार. बहुतेक घरांत आज हेच धरून चालतात, म्हणून यावर जरा थांबू.

पोटाला दोन पट्टे बांधून बाळाचे ठोके आणि कळा कागदावर सलग उमटवणारं यंत्र, म्हणजे सीटीजी, 1960 च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं आणि भराभर पसरलं. त्याचा उपयोग किती हे तपासणारे मोठे अभ्यास नंतर झाले. सदतीस हजारांहून अधिक बायकांचा समावेश असलेले अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा निघालं ते असं: सतत मशीन लावल्यानं नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर आले, आणि हा खरा फायदा आहे. पण बाळ दगावण्याचं प्रमाण आणि मेंदूच्या इजेमुळे हातपाय आखडण्याचं, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण, यांत फरक पडला नाही. सिझर मात्र सुमारे 60 टक्क्यांनी वाढले. कारण ठोक्यांची रेघ क्षणभर खाली गेली की घाबरायला होतं, आणि त्यातली पुष्कळ बाळं प्रत्यक्षात ठणठणीत निघतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलंय की निरोगी आईला, आपोआप सुरू झालेल्या कळांत, सतत सीटीजी लावू नये. दाखल होताना 'एकदा लावून बघू' म्हणूनही नको. त्याऐवजी हातातल्या डॉप्लरनं किंवा पिनार्डच्या नळीनं ठरावीक वेळानं ठोके ऐकावेत. पिनार्डची नळी म्हणजे लाकडाचं किंवा धातूचं छोटं कर्ण्यासारखं साधन. पॅरिसचे प्रसूतितज्ज्ञ पिनार्ड यांनी ते 1895 च्या सुमारास रूढ केलं, आणि वीज गेली तरी ते चालतं.

हे ऐकणं म्हणजे पोटावर यंत्र टेकवून 'हां, आहेत ठोके' म्हणणं नव्हे. आधी पोट चाचपून बाळाची पाठ कुठल्या बाजूला आहे ते बघतात, कारण आवाज पाठीवरून स्वच्छ येतो. एक हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवतात. पोट कडक होऊ लागलं की कळ आली, सैल पडू लागलं की ओसरली. कळ ओसरू लागताच ऐकायला सुरुवात करायची आणि घड्याळ लावून पूर्ण 60 सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही. त्याच वेळी दुसरं बोट आईच्या मनगटावर. कळांत आईची नाडीही 110-120 पर्यंत जाऊ शकते, आणि मग आईचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात. कळा जोरात सुरू झाल्यावर, म्हणजे पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यापासून, हे दर 15 ते 30 मिनिटांनी. जोर करायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी. आकडा 110 ते 160 मध्ये हवा, आणि प्रत्येक वेळी तो कागदावर उतरायला हवा.

कळेनंतरच का ऐकायचं? कळ येते तेव्हा पिशवी आवळली जाते आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा काही सेकंद तुटतो. धडधाकट बाळ ते सहज सोसतं. ज्याचा साठा संपत आलाय त्याचे ठोके कळ ओसरताना खाली जातात आणि वर यायला वेळ लावतात. दोन कळांच्या मधल्या निवांत वेळेत ऐकलं तर हेच निसटतं. दमलेलं बाळसुद्धा तेव्हा 140 दाखवू शकतं.

म्हणून दवाखाना निवडताना 'मशीन आहे का' यापेक्षा हे विचारा: रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये एका नर्सकडे किती बायका असतात? चार-पाच असतील तर दर पंधरा मिनिटांनी ऐकणं कागदावरच राहतं. आणि ते सरकारी-खासगी दोन्हीकडे होऊ शकतं. खासगीत पट्टे बांधलेले असतील, कागदाची सुरळी जमिनीपर्यंत लोंबत असेल, पण वाचणारं माणूस खोलीत नसेल तर ती सुरळी तुमच्या बाळाच्या काही कामाची नाही. साध्या साधनानं काम होतं याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत 1,620 बायकांचा अभ्यास झाला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. नर्सबाईंनी तोंडानं दिलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या 600 मायक्रोग्रॅमच्या मात्रेनं अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 वर आलं. शिकवून तयार केलेली, जागेवर हजर असलेली नर्स, आणि तिच्या हातात एक साधी गोष्ट. ठोक्यांचंही तसंच आहे.

तरी सतत मशीन लागतं अशा वेळा आहेत, आणि त्या आल्या तर 'सदरात वाचलं होतं' म्हणून नाकारू नका. रक्तदाब 140/90 किंवा वर गेला; मधुमेह निघाला; बाळाची वाढ मागे पडली; जुळं आहे; आधीचं सिझर आहे; 37 आठवड्यांच्या आत कळा आल्या किंवा तारीख बरीच उलटली; अंगावरून रक्त गेलं; ताप आला; पाणी जाऊन बराच वेळ झाला; पाणी हिरवट, दाट आलं; बाळाची हालचाल कमी झाली; किंवा कळा आणण्यासाठी, वाढवण्यासाठी सलाइनमधून औषध सुरू केलं. यातलं काहीही असलं तर सीटीजी लावणंच योग्य. तुमच्या पत्रातल्या आकड्यांत आजतरी यातलं काही नाही. फक्त साखरेचा उल्लेख नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती तपासणी झालीय का, आणि आकडा 140 च्या खाली होता का, ते 'ताई कार्डा'वर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या सरकारी कार्डावर, बघा. झाली नसेल तर या आठवड्यात करून घ्या. हिमोग्लोबिन 10.4 म्हणजे थोडं कमी आहे. लोहाची गोळी रोज एकच घेताय का दोन, हे डॉक्टरांना विचारा, आणि ती चहाबरोबर घेऊ नका. कळांत रक्त जातं, तेव्हा हा साठा कामी येतो.

सलाइनमधल्या औषधाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठासून सांगते. ऑक्सिटोसिन म्हणजे 'कळांचं इंजेक्शन'. बाळ व्हायच्या आधी ते सलाइनमधून, थेंब मोजून, ठोके बघत देतात. बाळ झाल्यावर रक्त थांबवण्यासाठी दंडावर किंवा मांडीवर देतात ते वेगळं आणि योग्यच आहे. पण बाळ पोटात असताना 'लवकर मोकळी होईल' म्हणून कंबरेत कुणी हे इंजेक्शन देऊ लागलं, घरी किंवा छोट्या दवाखान्यात, तर नको म्हणा. स्नायूत दिलेली मात्रा परत काढता येत नाही. दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा येऊ लागल्या की बाळाला दोन कळांमध्ये दम घ्यायला सवड उरत नाही, आणि पिशवी फाटण्याचाही धोका असतो. सलाइन बंद करता येतं, म्हणून ते सलाइनमधूनच.

आता घरचं डॉप्लर यंत्र. ते कपाटात ठेवून द्या, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. एका रात्री ठोके सापडले नाहीत म्हणून तुम्ही रडलात. बाळानं पाठ फिरवली, यंत्र दोन बोटं इकडेतिकडे झालं की तसं होतं. पण खरी भीती उलट बाजूची आहे. बाळाची हालचाल कमी झालेली असते, यंत्रावर काहीतरी धडधड ऐकू येते, आणि बाई निर्धास्त होऊन झोपी जाते. ती धडधड तुमच्याच रक्तवाहिनीची असू शकते, वारेतल्या रक्ताची सूंऽसूं असू शकते. शिवाय बाळ अडचणीत आलं तरी ठोके बराच काळ चालू असतात. हालचाल मात्र आधी मंदावते, कारण प्राणवायू कमी पडू लागला की बाळ पहिल्यांदा हातपाय हलवणं कमी करून ताकद राखतं. नणंदेला सांगा, तिनं दिलेल्या प्रेमाला नाव ठेवत नाही, पण याहून चांगलं यंत्र तुमच्याकडे आहेच.

ते असं वापरायचं. बाळ एरवी ज्या वेळी जास्त वळवळतं ती वेळ धरा. बहुतेक बायकांना ती रात्रीच्या जेवणानंतर जाणवते. लघवीला जाऊन या, डाव्या कुशीवर टेका, टीव्ही आणि मोबाइल बाजूला. एका वाटीत दहा चिंचोके घ्या. लाथ, ढुशी, कूस बदलणं, पोटातून सरकल्यासारखं वाटणं, प्रत्येकाला एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. उचकी धरायची नाही. सुरू केल्याची वेळ आणि दहावा चिंचोका पडल्याची वेळ वहीत लिहा. बहुतेकींचे दहा अर्ध्या-पाऊण तासात होतात. चार-पाच दिवसांत तुमच्या बाळाची चाल तुम्हाला कळेल, आणि महत्त्व त्या चालीला आहे. रोज पंचवीस मिनिटांत होणारे दहा आज दीड तासात झाले, तर आकडा नियमात बसतो म्हणून गप्प बसू नका. दोन तासांत दहा झाले नाहीत, किंवा दिवसभर नेहमीसारखं वाटलं नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. गार पाणी प्यायलं, गोड खाल्लं, सकाळपर्यंत बघू, यात वेळ घालवू नका. 'दिवस भरत आले की बाळ शांत होतं' हे आपल्याकडे सर्रास सांगतात, आणि ते चूक आहे. जागा कमी झाल्यानं लाथेऐवजी ढुशी जाणवेल, हालचालीची जात बदलेल. संख्या घटायला नको. आणि एकदा जाऊन 'सगळं ठीक आहे' म्हणून परत आलात, दोन दिवसांनी पुन्हा तसंच वाटलं, तर पुन्हा जा. सारखं सारखं कसं जायचं, असा संकोच इथं धरू नका.

तिथं गेल्यावर एनएसटी करतात. तेच सीटीजी मशीन, फक्त कळा नसताना, वीस मिनिटं. यात नेहमी होणारी चूक अशी: बाई सकाळपासून उपाशी, दोन तास रांगेत, मग टेबलावर सपाट पाठीवर झोपवतात. पाठीवर झोपलं की पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो, आईचा रक्तदाब उतरतो आणि वारेकडे जाणारं रक्तही घटतं. मग पट्टी, म्हणजे मशीनमधून निघणारा रेघांचा कागद, बिघडलेली दिसते. तेव्हा नेहमीसारखं खाऊन जा, लघवी करून या, आणि 'डाव्या अंगावर किंवा टेकून बसवा' असं तोंड उघडून सांगा. पट्टीवर वरची रेघ बाळाच्या ठोक्यांची, खालची पोटाच्या कडकपणाची. वरची रेघ बारीक दातेरी, थरथरती हवी. सपाट दोऱ्यासारखी नको. वीस मिनिटांत दोनदा तरी ती पंधरा ठोके वर चढून पंधरा सेकंद टिकली की पट्टी चांगली, 'रिअॅक्टिव्ह'. नाही चढली तर लगेच बाळ संकटात आहे असं नाही. पोटातली बाळं वीस-वीस, चाळीस-चाळीस मिनिटं झोपतात. म्हणून पट्टी चाळीस मिनिटांपर्यंत लांबवतात, आणि तरीही नाही तर सोनोग्राफीवर बाळाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, छातीची श्वासासारखी हालचाल आणि पाणी बघून, त्यात पट्टीही धरून, दहापैकी गुण देतात. आठ किंवा दहा आले की निश्चिंत. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली असतील तर पुढचे दोन-तीन दिवस हालचाल आणि पट्टी दोन्ही मंद दिसू शकतात. पट्टी वाचणाऱ्याला ते आठवणीनं सांगा.

तुम्हाला दर आठवड्याला एनएसटी करायला सांगितलं असेल, तर कशासाठी ते विचारा. 'एक वेढा' हे त्याचं पुरेसं कारण नाही. एएफआय 11 म्हणजे पाणीही व्यवस्थित. 5 च्या खाली गेलं तर विषय वेगळा. तारीख उलटली तर मात्र तपासण्या वाढवायच्या, आणि 41 आठवडे पूर्ण झाले की कळा आणायचं बोलायचं.

राहिला माहेरचा प्रश्न. इथं माझं मत तुमच्या नवऱ्याच्या बाजूनं झुकतं, पण कारण मशीन नाही. कारण पाऊस आणि वाट. जुलैच्या मध्यावर जांबोटी-कणकुंबीकडे काय पाऊस कोसळतो ते तुम्हाला मी सांगायला नको. मोऱ्या पाण्याखाली जातात, झाड आडवं पडतं, मोबाइलला रेंज नसते. भीमगडच्या जंगलातल्या वाड्यांवरून तर पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. पहिलटकरणीच्या कळा लांबतात, त्यामुळे साधारण वेळ मिळतो. पण नाळ खाली सरकली, रक्त सुरू झालं, ठोके कळेनंतर उतरू लागले, तर हाताशी मिनिटं असतात, तास नसतात. ठोके कितीही नीट ऐकले तरी पुढं शस्त्रक्रियेची खोली, भूलतज्ज्ञ आणि रक्त वेळेत मिळालं नाही तर त्या ऐकण्याचा उपयोग अर्धाच.

मग आईचं काय? आईला बेळगावला बोलवा. यात नुसती भावना नाही. कळांच्या वेळी ओळखीचं, विश्वासाचं माणूस सतत जवळ असलं तर कळा कमी लांबतात आणि सिझरचं प्रमाणही घटतं, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. लेबर रूममध्ये आईला थांबू देतात का, हे आधीच विचारून ठेवा. ज्या दवाखान्यात देतात तो, बाकी सोयी सारख्या असल्या तर, मी वरचढ धरीन. सदतीस आठवडे भरायच्या आत आई आली पाहिजे. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आल्यावर, पावसाचा जोर ओसरला की, दीड-दोन महिने माहेरी जा. आईच्या हातचं खा, बाळाला शेक-शेगडी होऊ दे. फक्त शेगडी बंद खोलीत नको, धूर बाळाच्या छातीत जातो.

सासरी एवढे दिवस आई राहिली तर कसं दिसेल, हे अवघड वाटत असेल तर दुसरी वाट आहे: खानापूर गावात कुणी मावशी, आत्या असेल तर शेवटचे तीन आठवडे तिथं राहून तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपण. हाही चांगला पर्याय होऊ शकतो. मात्र आधी स्वतः किंवा नवऱ्याला पाठवून बघून या. रात्री आणि रविवारी भूलतज्ज्ञ येतात का, की बेळगावला पाठवतात? डॉप्लर चालू आहे का, बॅटरी आणि जेलसकट? कळांचा तक्ता भरतात का? भरलेला एखादा तक्ता लांबून दाखवा म्हटलं तर दाखवतील. त्यात ठोक्यांचे आकडे रांगेनं असतील तर जागा ऐकणाऱ्यांची आहे. बाळ ठेवायचा गरम दिवा आणि लहान मास्कची श्वासाची पिशवी लेबर रूममध्येच हाताशी आहे का, आणि ती चालवणारी नर्स रात्रपाळीला असते का? जन्मल्यावर बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच ती पिशवी लागते.

येत्या 9 तारखेला सरकारी केंद्रात गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, दर महिन्याला. तिथं हे सगळं विचारता येईल. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. आशाताईंचा नंबर आणि 108 दोन्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि गल्लीतल्या एका गाडीवाल्याशी रात्रीसाठी बोलून ठेवा.

लेबर रूममध्ये 'बाळाचे ठोके कमी झालेत, सिझर करावं लागेल' असं सांगितलं तर घरच्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: आकडा किती, कळेनंतर परत वर येतोय का, आणि कळांचं सलाइन चालू होतं तर बंद केलं का. पुष्कळदा डाव्या कुशीवर वळवून आणि सलाइन थांबवून ठोके पाच-दहा मिनिटांत सावरतात. पण तीन मिनिटांहून जास्त वेळ ठोके 110 च्या खालीच राहिले, परत चढेनात, तर एकही प्रश्न न विचारता सही करा आणि बाजूला व्हा. 'बाळानं पोटात शी केली' हे नुसतं ऐकूनही घाबरू नका. दिवस भरलेल्या बाळांत ते पुष्कळदा होतं. पाणी पातळ हिरवट आहे की दाट वाटाण्याच्या डाळीसारखं, आणि ठोके कसे आहेत, यावर पुढचं ठरतं.

घरीच पाणी गेलं तर रंग बघा, वेळ लिहा आणि निघा. योनीच्या तोंडाशी नाळ दिसली किंवा हाताला लागली तर आत ढकलू नका. गुडघे आणि छाती टेकून कंबर वर करा, गाडीत डाव्या कुशीवर कंबरेखाली उशा ठेवून तशाच या. डोकं भयंकर दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे, बरगडीखाली कळ, तोंडावर सूज, यांपैकी काही असलं तर रक्तदाब मोजल्याशिवाय रात्र काढायची नाही.

आणि कागद. ताई कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगट आणि साखरेचा आकडा, चिंचोक्यांची वही, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पावसात भिजलेलं कार्ड वाचता येत नाही. दवाखान्यात संमतीचा फॉर्म बहुधा कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल. सही करण्याआधी 'मराठीत वाचून सांगा' म्हणा. बेळगावात ते सांगू शकेल असं माणूस प्रत्येक वॉर्डात असतं. दाखल व्हायच्या दिवसाची वाट बघू नका. पुढच्या तपासणीला गेलात की तिथल्या सिस्टरकडून कोरा फॉर्म एकदा समजून घ्या, म्हणजे कळांच्या वेळी तेवढंच एक काम कमी.